साडूची अकरावी फेरी

रोह्यापासून पेणपर्यंतच्या पट्ट्यात माझ्या साडूइतका हुशार माणूस नसेल आणि त्याच्याइतका बिनकामाचाही नसेल, आणि हे दोन्ही गुण एकाच अंगात असल्यामुळे त्याच्यावर धड रागावताही येत नाही. मी क्लीनर म्हणून गाडीवर चढलेला माणूस. पुढे गाडी चालवली, भंगार विकलं आणि शेवटी पेणच्या बाहेर रस्त्याला लागून स्वतःचा वजनकाटा टाकला. जमीन, लोखंड, सिमेंट, यातलं काहीही मी समोरच्याने सांगितल्या भावात घेतलेलं नाही. समोरचा बोलायला लागला की मी त्याच्या आकड्याचा निम्मा धरतो आणि तिथून नाइलाजाने वर सरकतो. साडूचं उलटं. रोह्याच्या बाजारात एकदा तो माझ्यासमोर सुकट घ्यायला बसला. कोळणीने भाव सांगितला, याने मान डोलावली आणि पिशवी पुढे केली. ती बाईच बावचळली. म्हणाली, "अरं भाऊ, जरा कमी तं माग, मना बरा वाटंल." यावर आमचे साडूमहाराज गंभीरपणे म्हणाले, "कमी का मागू? भाव चुकीचा आहे असं मला माहीत नाही." मी तिथून उठून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. नातं कोणाला कळू नये म्हणून.

त्याच्याकडे जगातल्या सगळ्या गोष्टींसाठी मिळून तीन शब्द आहेत: चांगलं, वाईट, आणि सांगता येत नाही. लग्नाचं जेवण कसं होतं, असं विचारलं तर म्हणतो, सांगता येत नाही, एकदाच जेवलो. पंखा आवाज करतो म्हटलं तर आधी पंख्याकडे बघत नाही, आपल्याकडे बघतो आणि विचारतो, "कधीपासून? आणि त्याच्या आधी काय बदललं?" एका रविवारी आमच्याकडे आमटी खारट झाली. दुसरा एखादा गप्प बसून ताक प्यायला असता. याने मिठाची पिशवी नवी आहे का, चमचा तोच आहे का, डाळ किती शिजली, अशी साक्ष घ्यायला सुरुवात केली. माझी बायको त्याच्या बायकोची थोरली बहीण, ती कोणाचं ऐकून घेत नाही. म्हणाली, "भावजी, आमटी खायची हाय का तिच्यावर केस टाकायची हाय?" तो म्हणाला, "ताई, खातोच आहे. पण कारण सापडलं नाही तर उद्या पुन्हा खारट होईल." वाढून घेतली मात्र दोनदा.

नागोठण्याच्या बाजूला एका कारखान्यात तो मीटर आणि व्हॉल्व्ह तपासायच्या खात्यात शिफ्टला होता. चांगली चाललेली नोकरी याने सोडली, आणि ती कशासाठी, तर घरात बसून कॉम्प्युटरच्या पोटातल्या चुका शोधण्यासाठी. पोटापुरती चार दुकानांची कॉम्प्युटरं सांभाळतो, उरलेला वेळ धर्मादाय. कॉम्प्युटर चालवणारी एक फुकट मिळणारी सिस्टीम आहे, जगभरचे लोक मिळून ती बनवतात, आणि तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. त्या गाभ्यात काही बिघडलं की याने रोह्यातून पत्र लिहायचं आणि तिकडे कुठल्यातरी थंड देशातल्या माणसाने ते दुरुस्त करायचं, असा हा उद्योग. पगार नाही, खुर्ची नाही, साधं ओळखपत्र नाही. शेजारचे त्याला अजून मोबाईल दुरुस्त करणारा समजतात. माझ्या बायकोने एकदा तोंडावर विचारलं, "ह्यातून तुम्हाला मिळतं काय?" तो जरा विचार करून म्हणाला, "ताई, मी लिहिलं की 'हे मी तपासलं', तर तिकडे दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही. इतक्या वर्षांत माझी एकही तक्रार खोटी निघालेली नाही. हेच मिळतं." मी हसलो. असल्या मिळकतीवर बँक कर्ज देत नाही.

तर ती फुकटची सिस्टीम माझ्या काट्यावरही त्यानेच बसवलेली. फुकट म्हटल्यावर मी नाही म्हणणार नव्हतो, एवढी चूक माझी. पुढची सगळी त्याची. गेल्या हिवाळ्यात तो जेवायला आला होता, आणि मी हात धुऊन येईपर्यंत त्याने काट्याच्या कॉम्प्युटरवर नवा कर्नल चढवला. "नव्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या आहेत," म्हणाला. तो परत गेला आणि दोन तासांत, उतरत्या दुपारी, काट्यावर खडीचा डंपर उभा, मागे सहा गाड्या, आणि कॉम्प्युटर गोठला. चार कॅमेरे गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढतात आणि ते डिस्कवर साठतात, मग वजनाची पावती निघते. डिस्कच उत्तर देईना. फोटो नाही, पावती नाही. ड्रायव्हर खाली उतरून बिडी ओढत म्हणाला, "शेठ, आज काट्याचा उपास हाय काय?" मी साडूला फोनवर जे बोललो ते इथे लिहीत नाही.

तो संध्याकाळच्या गाडीने आला, जुना कर्नल परत चालू केला आणि काटा सुरळीत झाला. माझ्या दृष्टीने विषय संपला होता. त्याच्या दृष्टीने तिथे सुरू झाला. म्हणाला, "जुन्यात चांगलं, नव्यात वाईट. म्हणजे मध्ये कोणीतरी काहीतरी बदललंय. डिस्कशी बोलणारा जो भाग असतो, त्यात असणार." मी म्हटलं, असू दे की. तर म्हणे, "ही डिस्क फक्त तुमच्याच काट्यावर नाही, दादा. कुठल्यातरी दवाखान्यात पण असेल."

जुन्या आणि नव्याच्या मध्ये हजारो बदल. ते एकेक बघायचे नाहीत, बरोबर मधला घ्यायचा आणि चालवून बघायचा. वाईट निघाला तर चूक आधीच्या अर्ध्यात, चांगला निघाला तर नंतरच्या. मग त्या अर्ध्याचा पुन्हा मध्य. निम्म्यावर यायची पद्धत मला पटली, आयुष्यभर मी तेच केलंय. विचारलं, किती फेऱ्या? "तेरा." मी म्हटलं, आठमध्ये कर. तो म्हणाला, तेरा. मी म्हटलं, जाऊ दे, दहा. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दिवसाचे तास कमी करून मागत होतो.

एकेक फेरी तीन तासांची, कारण गोठायला कधी एक तास लागे, कधी अडीच. दुपारी जेवणाच्या सुमाराला गाड्या कमी असतात, तेव्हा तो रोह्याहून यायचा. नवा कर्नल नेटवरून पाठवता आला असता, पण याला मशीनजवळ बसून बघायचं. वाटेत कासू स्टेशनला गाडी थांबून राहिली तरी हा डब्यात बसून वहीत फेऱ्यांचा तक्ता आखायचा. माझ्या केबिनमधली बरी खुर्ची घ्यायचा, चहाला नाही म्हणायचा आणि तीन तास पडद्याकडे बघत राहायचा. भिंतीकडे बघणारा माणूस मी सहन केला असता. हा बघत असताना मलाही बोलू देत नव्हता.

अकराव्या फेरीला त्याला आईच्या डोळ्यासाठी अलिबागला जावं लागलं. कर्नल पाठवला आणि फोनवर म्हणाला, "दादा, पूर्ण तीन तास. चारही कॅमेरे चालू. मग मला एक शब्द सांगा." मी चालू केला. सगळं ठीक चाललं होतं. चाळीस मिनिटांनी अचानक ट्रेलरची रांग लागली, आणि पुन्हा ती शोभा नको म्हणून मी जुना कर्नल चालू करून घेतला. तीन तास भरल्यावर फोन केला आणि सांगितलं, "चांगलं."

त्यानंतरच्या दोन्ही फेऱ्या वाईट निघाल्या आणि दोष एका बदलावर येऊन थांबला. तो बदल मागे घेऊन एकदा खात्री करायची साडूची पद्धत आहे, पण सिस्टीमची पुढची आवृत्ती दोन दिवसांत जगभर जाणार होती. त्याने त्याच दिवशी पत्र लिहिलं. एरवीप्रमाणे कोणी काही विचारलं नाही. तो बदल काढून टाकला गेला. ज्याचा बदल होता तो माणूस दोन दिवस स्वतःच्याच कामात चूक शोधत बसला आणि मग त्याने अतिशय सभ्यपणे लिहिलं की माझ्या बदलाचा त्या डिस्कशी संबंध येत नाही, आपण पुन्हा तपासाल का.

साडू वही घेऊन माझ्याकडे आला. बसला नाही.

"अकरावी फेरी किती वेळ चालली?"

"तू सांगितलास तेवढा."

"किती, दादा?"

मी आवाज चढवला. माझा काटा, माझी वीज, माझी गिऱ्हाइकं, आणि मलाच विचारणार? त्याने वहीतली अकरावी ओळ माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, दोन तास तरी झालेच असतील. मी म्हटलं, बरं, एक तास धर. तेव्हा तो हळूच म्हणाला, "वजन असं सांगता का तुम्ही?"

माझ्या काट्यावर कोणी बोट ठेवलेलं नाही. एका मोठ्या गिऱ्हाइकाने वजन थोडं वाढवून मागितलं तेव्हा मी त्याला गाडीसकट परत पाठवलं होतं. मी म्हटलं, "चाळीस मिनिटं."

त्याने वहीत तेवढं लिहिलं आणि तिथेच उभ्याने मोबाईलवर पत्र टाकलं. मी वाचून दाखवायला लावलं. चूक चाचणीत झाली, एक फेरी पूर्ण वेळ चाललेली नव्हती, तुमच्या बदलावर ठपका ठेवायला आधार नाही, तुमचे दोन दिवस वाया घालवल्याबद्दल माफी मागतो. खाली त्याचं नाव. मी म्हटलं, माझं नाव का नाही घातलंस? "तपासलं असं मी लिहिलं होतं," तो म्हणाला, "तुम्ही नाही." चार शिव्या घातल्या असत्या तर मी पाच घातल्या असत्या आणि हिशेब मिटला असता. हा माणूस भांडणातसुद्धा घासाघीस करत नाही.

अकरावी फेरी पुन्हा केली. या वेळी मी काटा बंद ठेवला, आलेल्या गाड्या पुढच्या काट्यावर पाठवल्या, ड्रायव्हरांची बोलणी खाल्ली आणि खुर्ची सोडली नाही. दोन तास वीस मिनिटांनी पडदा गोठला. "वाईट," असं मी इतक्या आनंदाने आयुष्यात म्हटलेलं नाही. मग आणखी दोन फेऱ्या आणि खरा बदल सापडला. वीज वाचवायला डिस्कला मधल्या रिकाम्या क्षणी झोपवायची सोय कोणीतरी घातली होती, आणि ही आमची डिस्क एकदा झोपली की नेहमी उठतेच असं नाही. दुरुस्ती एका ओळीची. न झोपवायच्या डिस्कच्या यादीत तिचं नाव घातलं.

आता काट्यावर नवाच कर्नल आहे आणि तक्रार नाही. थंड देशातल्या त्या माणसाने साडूला चांगलं उत्तर दिलं, अशा चुका होतात म्हणून. साडू अजून पत्रं लिहितो, लोक अजून ऐकतात. पण मध्यंतरी रोह्याला गेलो होतो तेव्हा त्याच्या मागे उभं राहून मी पडद्यावर पाहिलं. पूर्वी तो शेवटी नुसतं 'तपासलं' लिहायचा. आता त्याच्यापुढे किती तास, किती वेळा, मशीनजवळ स्वतः बसून की नाही, असं सगळं लिहितो. मी विचारलं, हे कोणी मागितलं? म्हणाला, "कोणी नाही." आणि त्या फेरीचे तीन तास वहीत दोनदा मोजून तो आकडा शब्दापुढे लिहिला. तो एकटा शब्द त्याला परत मिळवून द्यायचा तर मी घासाघीस कोणाशी करू, हे मला अजून कळलेलं नाही.