आमचा ट्रेलर का डुलत होता

गेल्या रविवारी हडपसरच्या एका गॅरेजमध्ये माझी अक्कल काढली गेली. तीही बायकोसमोर... आणि चूकही माझीच होती.

मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, दोन वर्षांपूर्वी शाळेतली नोकरी सोडून चहा-पोह्यांचा ट्रेलर सुरू केला. शनिवार-रविवार सकाळी तो हडपसरला एका मैदानाजवळ लागतो. आम्ही राहतो सिंहगड रोडला, त्यामुळे कात्रज-कोंढवा रस्त्याने माझी एसयूव्ही तो ओढून नेते. ड्रायव्हर अर्थातच मी.

काही आठवड्यांपूर्वी खडी मशीन चौकाच्या अलीकडच्या उतारावर ट्रेलर अचानक डुलायला लागला. डावीकडे, उजवीकडे... आणि त्याच्याबरोबर आमची गाडीसुद्धा. शेजारून एक बाई लहान मुलीला स्कूटरवर घेऊन चालल्या होत्या. ट्रेलरचा कोपरा त्यांच्या हँडलपासून वीतभर अंतरावरून गेला.

मी गाडी कडेला घेतली. मेधा अगदी शांतपणे म्हणाली, "अजून एकदा असं झालं तर मी ट्रेलर विकणार. माझ्या पोह्यांपायी कुणाचं पोर जायला नको."

झालं! तो ट्रेलर म्हणजे तिचा जीव की प्राण. त्याच्या पडद्याचा रंग ठरवायला तिने महिना घेतला होता. ती विकायची भाषा करते म्हणजे प्रकरण गंभीर...

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे जगातलं सगळं मला कळतंच. आठवडाभर व्हिडिओ पाहिले आणि निदान केलं, गाडीचं सस्पेन्शन कमजोर आहे. मागचे स्प्रिंग जाड टाकायचे, चारही शॉकअप बदलायचे, विषय संपला.

हडपसरच्या जगताप मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, आधी ट्रेलर घेऊन या, जसा भरून नेता तसाच. मी म्हटलं, त्याची काही गरज नाही, मला नेमकं काय हवंय ते माहीत आहे. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने काम करून दिलं.

नवीन सस्पेन्शनची मजा काय वर्णावी... रिकाम्या गाडीत आमच्या सोसायटीतला प्रत्येक स्पीडब्रेकर थेट मणक्यात जाणवतो. आईने तर जाहीर करून टाकलं की तिला रिक्षाच बरी.

पण निदान ट्रेलर तरी सरळ चालेल ना? कसलं काय! शनिवारी त्याच उतारावर पुन्हा डुलला. घरी आल्यावर मेधाने ट्रेलरचे चारही बाजूंनी फोटो काढले. विकायच्या जाहिरातीसाठी.

माझं डोकंच फिरलं. मिस्त्रींना फोन करून वाट्टेल ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि परत तेच सांगितलं, भरलेला ट्रेलर घेऊन या.

रविवारी सकाळी पोह्यांच्या आधी गॅरेज. जीव मुठीत धरून, वीसच्या स्पीडने, मागच्यांचे हॉर्न आणि शिव्या खात पोचलो एकदाचे. मिस्त्रींनी ट्रेलरच्या मागच्या टोकाखाली लाकडी ठोकळे लावले, हुक सोडवला आणि गाडीला अडकतो तो पुढचा दांडा एका हाताने वर उचलला. एका हाताने... एवढा भरलेला ट्रेलर असून!

"ह्यो दांडा गाडीवर दाबून बसाया पायजे," ते म्हणाले. "तवा ट्रेलर सरळ चालतो. मागं काय भरलंय एवढं?"

मेधाने माझ्याकडे पाहिलं. सांगणं भाग होतं... पाणी. दोनशे लिटर.

त्याचं असं आहे की मी कसबा पेठेत वाढलेला माणूस. चहा खडकवासल्याच्याच पाण्याचा, बाकीचं सगळं कोमट काढा, असं आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मानतात. लग्नाला परगावी गेलो तरी आमचा पाण्याचा कॅन बरोबर असतो. म्हणून ट्रेलर डुलायला लागायच्या जरा आधीच मी हौसेने त्याच्या शेवटच्या टोकाला टाकी बसवून घेतली. पार्किंगमधल्या नळाचा पाइप तिथपर्यंतच पोचायचा. दर खेपेला मी स्वतः ती काठोकाठ भरायचो.

मिस्त्रींनी विचारलं, "हडपसरच्या नळाला कुठल्या धरणाचं पाणी येतं, ठाव हाय का?"

मला ठाऊक नव्हतं.

"खडकवासल्याचंच हाय."

मेधा हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं...

टाकी तिथेच रिकामी केली. सिलिंडर, शेगडी, डबे सगळं चाकांच्या पुढे सरकवलं. आता दांडा दोन हातांनीही हलेना. हुक अडकवल्यावर गाडीची मागची बाजू थोडी खाली बसली आणि नव्या स्प्रिंगांनी तो भार नीट पेलला. मिस्त्री म्हणाले, आता तुमच्या स्प्रिंगा कामाला आल्या. मी हात जोडले.

काल शनिवारी पुन्हा तोच उतार लागला. मी आरशात बघतोय, ट्रेलर मुकाट मागे येतोय... आणि मेधाला झोप लागली होती. उतार कधी संपला, तिला कळलंही नाही. घरी आल्यावर तिने फोनमधले ते चार फोटो डिलीट केले.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. टाकी बसवली त्याच दिवशी ती म्हणाली होती, "अहो, मागचं टोक जड वाटतंय मला." मी तिला घाबरट म्हणालो होतो, तेही चारचौघांत. म्हणून माफीही चारचौघांतच मागतो. मेधा, चुकलो.