वायरीवरून मिरवणूक

आमच्या स्लॅबवर मारामारी झाली तेव्हा अँटेनाचा जुना पाइप माझ्या हातात होता, आणि मी तो नुसता धरून उभी राहिले नव्हते. एकाचं डोकं फुटलं. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

माझं माहेर साताऱ्याकडचं. लग्न होऊन कुपवाडजवळच्या वस्तीत आले. सगळी घरं आमची, बौद्धांची. नवरा कारखान्यात लेथवर कामाला, आणि सुट्टी झाली की केबलवाला. घरोघरी केबलचं वेड शिरलं होतं ते दिवस. डिश होती विश्रामबागेतल्या एका मालकाची. तिथून वायर गच्च्यांवरून, झाडांवरून आमच्या स्लॅबपर्यंत यायची. आमच्याकडे बूस्टर, म्हणजे लांबून थकून आलेल्या चित्राला परत जोर देणारी पेटी. तिथून वायर पुढं पलीकडच्या, वरच्या जातीच्या लोकांच्या गल्ल्यांत जायची. ज्याच्या घरी बूस्टर त्याची वीज जळणार, म्हणून त्याला केबल फुकट, असा सगळीकडचा रिवाज. बाकी घरांचे पैसे नवरा गोळा करायचा आणि त्यातला मोठा वाटा मालकाच्या हातावर ठेवायचा.

एक चॅनेल मोकळं असायचं. त्यावर आमच्याच स्वयंपाकघरातून कॅसेट लागायची. इकडे कुकरची शिट्टी, तिकडे व्हीसीआरची घरघर, आणि दोन्हीला मी एकटी. गणपतीची मिरवणूक लागली. मालकाच्या पुतण्याचं लग्न तर जेवणाच्या पंगतींसकट परत परत लागलं. कुणी कुणाला कॅसेटचे पैसे मागितले नाहीत.

त्या वर्षी वस्तीनं जयंतीच्या मिरवणुकीचं शूटिंग करून घेतलं. निळे झेंडे, लेझीम, पांढऱ्या साड्यांतल्या बायका. ही मिरवणूक दरवर्षी पलीकडच्या गल्ल्यांच्या तोंडाशी येऊन मागं वळायची. आत जायची परवानगी कधीच मिळाली नाही. सासऱ्यांनी ऐन उमेदीत एकदा ती आत न्यायला बघितली आणि दगड खाऊन परत आले. नवऱ्यानं ठरवूनच टाकलं होतं.

"रस्त्यानं जाऊ देत न्हाईत न्हवं? वायरीवरनं जाईल," तो म्हणाला.

मालकाला वास लागला. स्वतः आला आणि मोटारसायकलवरून खालीही न उतरता बोलला.

"ह्या कॅसेटचं येगळं पैसं पडत्याल, गड्या. वायर माजी हाय."

"आवं मालक, गणपतीचं कवा घेतलं व्हतं?"

"त्ये येगळं."

"आन् पुतण्याचं लगीन?"

"लय बोलाय लागलास रं. लावून तर बघ."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वायर त्याची, कबूल. पण वीज आमची, स्लॅब आमचा, भर पावसात खांबावर चढणारा माणूस माझा. घरोघरचे लोक केबलचे पैसे भरतात ते भरतातच. मग आमचीच कॅसेट आली की नवा दर कुठून निघाला? मी नवऱ्याला म्हटलं, "एक पैसा बी द्यायचा न्हाई. लावा."

रविवारी दुपारी लावली. दुसऱ्या चॅनेलवर मॅच चालू होती, त्यामुळे सगळे घरीच. लेझीम नुकतीच रंगात आली होती, तेवढ्यात मालकाची माणसं जिना चढून धाडधाड वर गेली. त्यांना थांबवायची होती कॅसेट. पण कुठली वायर कशाची, हे त्या टोणग्यांना काय कळतंय! त्यांनी बूस्टरच मुळासकट उपटला. कॅसेट गेली आणि तिच्याबरोबर मॅचही गेली. पलीकडच्या सगळ्या टीव्हींवर मुंग्या आल्या.

नवरा वर धावला, आणि मागोमाग गल्ल्यांतून माणसं धावत स्लॅबवर आली. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात बॅट. "म्याच कुनी बंद केली रं?" मालकाच्या माणसांनी नवऱ्याकडं बोट दाखवलं आणि स्वतः बाजूला सरकली. पहिली बॅट त्याच्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी जिन्यातून ऐकला. तो खाली पडला तरी लाथा थांबेनात. वाळत घातलेल्या सांडग्यांवर रक्त उडालं. तेव्हा मी वर जाऊन पाइप उचलला आणि समोर दिसेल त्याला हाणला. माझी वेणी धरून कुणीतरी मला कठड्यावर आपटलं. सगळ्यांत जोरात मारत होता तो एक बनियनवाला. मॅचचं नावही त्याच्या तोंडात नव्हतं. तो एकच ओरडत होता, "तुमची मिरवणूक माज्या घरात घातलीस व्हय रं! माज्या घरात!"

वस्तीतले लोक वर आले तेव्हा मारणारे पळाले.

सांगलीला दवाखान्यात नवऱ्याचा खांदा बांधून ठेवला होता. मी शेजारी बसून मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. त्यानं सुजल्या तोंडानं विचारलं, "त्यो बनियनवाला काय म्हनत हुता गं?"

मी सांगितलं.

"माज्या घरात, आसंच म्हनला?"

"व्हय."

तो हसला. शिवलेला ओठ ताणला, रक्त हनुवटीवर आलं, तरी हसत राहिला. "म्हंजे गेली की गं आत," तो म्हणाला.

मला हसू आलं नाही. पुढं त्याचा उजवा हात कधी डोक्याच्या वर गेला नाही, खांबावर चढणं संपलं आणि लेथही सुटला. ते तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. मी पदरानं त्याची हनुवटी पुसत होते आणि रागानं रडत होते.