फ्लॅशमधला पिवळा ठिपका

मारतहळ्ळीत माझा फोटो स्टुडिओ होता. फ्लॅशमुळे लाल झालेले डोळे काळे करून देणं हे लग्नाच्या अल्बमचं रोजचं काम. पुढे स्टुडिओ बंद केला, हाताची सवय राहिली. घरचा कुठलाही फोटो डोळे साफ केल्याशिवाय मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकत नसे.

नातीच्या दुसऱ्या वाढदिवसाच्या फोटोंत तिचा एक डोळा लाल आला होता आणि दुसरा पिवळट. जरा विचित्र वाटलं. तरी मी दोन्ही काळे केले, आणि पुढेही करत राहिलो.

काही महिन्यांनी तो डोळा तिरळा होऊ लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची घडण जन्मापासूनच सदोष आहे. त्या फुगून पाझरतात, त्यामुळे पडदा उचलला जातोय. फोटोत कधी वेगळी चमक दिसली का, असं त्यांनी विचारलं. सुनेने ग्रुपवरचे फोटो काढून दाखवले. सगळ्यांत डोळे काळेभोर. मी शेजारच्या खुर्चीत होतो. गप्प बसलो.

लेझरचे उपचार सुरू झाले. नातेवाइकांत मात्र कुजबुज चालू झाली की आई दिवसभर व्हाइटफील्डला ऑफिसात, तिला पोरीकडे बघायला वेळ कुठला. माझ्या बहिणीने तर तोंडावरच सुनावलं, "पोरीऐवजी लॅपटॉप तिरळा झाला असता तर लगेच कळलं असतं तुला."

सून आत गेली आणि स्वच्छ असलेलाच ओटा पुसत राहिली. मी मागोमाग गेलो.

"चमक होती," मी म्हणालो. "मीच काढून टाकत होतो."

तिचा हात थांबला. "मूळ फोटो आहेत?"

"आहेत."

"मग टाका ग्रुपवर, अण्णा. आणि कुणी साफ केले तेही लिहा."

मी टाकले, लिहिलं. बहिणीचा फोन बरेच दिवस आला नाही. सूनही कामापुरतंच बोलायची. तेवढंही मला जास्तच वाटायचं.

आता पडदा जागेवर बसलाय. नजर पूर्ण येणार नाही, पण डोळा वाचला. अधू डोळ्याला काम मिळावं म्हणून चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी लावायची, ते काम सुनेने आपणहून माझ्याकडे दिलं. काल पट्टी लावून झाल्यावर नात माझ्या तोंडाजवळ आली.

"अज्जा, मिशीला चटणी."

सुनेने ऑफिसचा कॉल म्यूट केला. "तिला दिसतंय, अण्णा. आता तुमचेच डोळे तपासून घेऊ."

मी मिशी चाचपली. चटणी होती.