मनगटाचा पट्टा

आमच्या पार्लरमधल्या मावशी दातांत दोरा धरूनच बोलतात, त्यामुळे साधी चौकशीही दमदाटी वाटते. दोरा ओढून ओढून त्यांचं मनगट गेलंय, त्यावर आधाराचा पट्टा असतो. माझ्या रानटी भुवया त्यांच्या हवाली करून मी अक्कल पाजळली, "पोळ्या फार लाटता का?"

"पोळ्या नवरा लाटतो. मनगट इथं गेलं."

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. "मावशी, तो पट्टा काढा, कस्टमर घाबरतात. आणि इन्शुरन्सवाल्यांना घरी दुखावलं म्हणा."

मावशींनी माझी एकच भुवई करून दोरा खाली ठेवला. "कामानं झालंय. तुम्ही इन्शुरन्सवाल्यांना तसं सांगेपर्यंत दुसरी होणार नाही."

मालकीणबाईंनी दोरा उचलला. मी जन्माचा घाबरट, पण चक्क उठलो. "राहू द्या. मावशीच करतील."

एकाच कोरलेल्या भुवईनिशी बाहेर येऊन पाहिलं, तर मावशींनी खुर्ची दर्शनी काचेपाशी ओढली होती आणि पट्ट्याचा हात अख्ख्या पार्किंगला दिसेल असा काचेला टेकवला होता.