ढवळ्याचं नाव आलं, तिचं नाही

एकोणीसशे शहाण्णव साल, मी सत्तावन्नचा. तेव्हाची ही गोष्ट आजवर कुणाजवळ काढली नाही — संजयच्या मायजवळ तर नाहीच. संजयची माय म्हणजे माझी बायको. मी चौथी नापास माणूस, त्यात डाव्या हातानं लिहितोय, आडवंतिडवं होईल.

सुरतेच्या उधन्यात कापडाच्या लूमवर तीस वर्षं काढली. त्या खडखडाटात माझी हाक पार शेवटच्या मशीनपर्यंत जायची. मग लकवा मारला. उजवा हात गेला, आणि बोलणं — तेही गेलं. तोंड उघडलं की नुसता घोगरा आवाज. ज्याच्या हाकेला कारखाना वळून बघायचा, त्यानं चाळीत तोंड कसं दाखवावं?

दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक बेन होत्या. गुजराती, पण मराठी चांगलं बोलायच्या. त्या चित्र दाखवायच्या, मी नाव सांगायचं. चा, घडी, चप्पल — एकेक शब्द येऊ लागला. बैलाचं चित्र आलं तर मी "ढवळ्या" म्हणालो. गावाकडचा आमचा बैल. सगळे हसले, संजयची माय सगळ्यांत जास्त.

मग बेननी तिच्याकडे बोट केलं. "काका, यांचं नाव काय?"

आता कसं सांगू — मला येत होतं. ती बाजारात गेली की एकटा म्हणून बघायचो. कधी नीट यायचं, कधी मधेच तुटायचं. आमच्यात नवरा चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही. रीतच ती, असं म्हणू का? नाही. रीतीच्या आड लपलो मी. तिचं नाव तुटकं निघालं, अन् तेही तिच्यासमोर, तर? ढवळ्या तुटला असता तर चाललं असतं.

मी मान हलवली — नाही येत. पुढच्या खेपेलाही तेच. घरी ती रोज अभ्यास घ्यायची. चित्रं संपली की स्वतःच्या छातीवर हात ठेवून विचारायची, मी कोण? मी भिंतीकडे बघायचो. पाच महिने असं केलं. याला काय म्हणायचं?

एका दुपारी मी झोपलोय असं समजून शेजारीण तिला म्हणाली, "भाऊजी बैलाचं नाव घेतात अन् तुझं नाही. बैलाशीच लगीन लावायचं होतं त्यांचं."

ती हसली. मग हळूच म्हणाली, "सगळं परत आलं गं यांच्या डोक्यात. मीच तेवढी बाहेर राहिले."

मी डोळे उघडले नाहीत.

तिला अजून वाटतं, बेननी तिचं नाव माझ्या डोक्यात परत आणलं. येईल त्याला ती हे सांगते, आणि मी शेजारी बसून मान डोलावतो. ते कधी गेलंच नव्हतं.

त्या दुपारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. सात-आठ बाया रांगेत, ती मधे. मी काठी टेकत ओट्यावर आलो. "म... मथु..." — तुटलं. बाया वळून बघू लागल्या. मी तिथंच उभा राहिलो, आणि पुन्हा घेतलं — "मथुरा."