ते रडायचे, पण माझ्यासाठी नाही

डॉक्टर म्हणाले, "मावशी, याला सूडोबल्बर अफेक्ट म्हणतात. झटक्यानंतर मेंदूचा हसण्या-रडण्यावरचा ताबा सुटतो. पाणी डोळ्यांतून येतं, पण आत तेवढं दुःख असेलच असं नाही."

द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात हे ऐकलं आणि पहिला विचार आला तो थोरल्या जाऊबाईंचा. खोटं कशाला सांगू?

आमच्या यांना पॅरालिसिस होऊन दोन महिने झाले होते. उजवा हात लुळा, बोलणं तुटक. अंघोळ, औषधं, घास भरवणं, सगळं मीच करायची. मला बघून यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. जाऊबाई दारात दिसल्या की मात्र ढसाढसा रडायचे. मरमर मरायचं मी, आणि डोळ्यांत पाणी त्यांच्यासाठी! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आमची शेवंती सामाईक. तोडणीला एक दिवस त्या, एक दिवस मी. यांच्या आजारपणाचं निमित्त करून मी माझी पाळीही त्यांच्याच गळ्यात घातली. रोज सकाळी शेतात गुंतल्या की इकडे फिरकणार नाहीत, हा हिशेब. त्यांनी तीही घेतली.

डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि हे कधी रडतात ते वहीत लिहायला सांगितलं. पंधरा दिवसांनी दवाखान्यात वही उघडली तर दूधवाला, शेजारणीची नात, टीव्हीवरचं लग्न. आता दूधवाल्यावर कशी जळणार?

डॉक्टर हसले. "तुम्ही दिवसभर समोर असता. बाहेरून कोणी आलं की मन जरा हलतं, तेवढ्यानं रडू फुटतं. 'रडू नका' म्हणू नका. दुसरं काही बोला, थांबतं."

तुमच्या घरी असं माणूस असेल तर एवढं ध्यानात ठेवा.

रविवारी जाऊबाई आल्या. हे रडले. त्या उठल्या. "मी नाय येत आता. माझ्यामुळं लय तरास होतो यांला."

गप्प बसले असते तर कायमची सुटका होती. पण रोजच्या तोडणीनं त्यांची बोटं काळी पडलेली दिसली, आणि मला लाज वाटली.

"बसा बाई. ते आजाराचं रडू हाय. उद्या तोडणीला मी जाते, तुम्ही यांच्यापाशी बसा."

दुसऱ्या दिवशी फुलं तोडून घरी आले. मला दारात बघून हे हुंदके देऊन रडले. झटक्यानंतर पहिल्यांदाच. आजाराचंच ते, मला पक्कं ठाऊक होतं. तरी जाऊबाई बघतायत ना, याची मी आधी खात्री करून घेतली.