आखाजीचा पिझ्झा

नणंद या नात्याविषयी जात्यावरच्या ओव्यांपासून टीव्हीवरच्या मालिकांपर्यंत जेवढं वाईट बोललं गेलं आहे, ते सगळं एकटीच्या बळावर खोटं पाडणारी एक बाई दोंडाईच्याला राहते, आणि ती माझी मोठी नणंद आहे. लग्न होऊन मी बोदवडहून या घरात आले तेव्हा आईनं बजावलं होतं, नणंदेला जपून राहा. प्रत्यक्षात जपून राहायचं होतं ते नणंदेच्या खिचडीपासून. अक्कांना स्वयंपाक येत नाही. सासूबाई होत्या तोवर त्यांनी शिकवला नाही आणि त्या गेल्यावर शिकायचं कुणासाठी, म्हणून अक्कांनी मनावर घेतलं नाही. त्यांच्या खिचडीत डाळ आणि तांदूळ एका भांड्यात असूनही शेवटपर्यंत एकमेकांना ओळख देत नाहीत. असं असताना या बाईनं परसात स्वतःच्या हातांनी विटांची भट्टी बांधली, आणि तीही पिझ्झ्याची. आता हे तुम्हाला खरं वाटावं म्हणून थोडं मागून सांगते.

अक्कांची सारी नोकरी गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. ट्रंक कॉलच्या काळात मिरचीच्या व्यापाऱ्यांना इंदूर, आणि सुरतेला दिलेल्या लेकींना त्यांचं माहेर अक्का जोडून द्यायच्या. कुणाचं कुठं जमलं, कुणाचं फिसकटलं हे त्यांना घरच्यांच्या आधी कळायचं, पण त्यातलं एक अक्षर कधी बाहेर आलं नाही. पुढे सगळं आपोआप लागायला लागलं, अक्कांना बिलाच्या खिडकीवर बसवलं, मग त्या रिटायरही झाल्या. सवयी मात्र ड्यूटीवरच राहिल्या. दुसरा बोलत असताना त्या हूं की चूं करत नाहीत. आपण 'हॅलो, अक्का, ऐकताय ना' म्हणत राहतो आणि त्या सगळं ऐकत असतात. शिवाय तीन मिनिटं झाली, म्हणजे ट्रंक कॉलचा एक कॉल पुरा झाला, की फोन ठेवतात. माझी आई गेली त्या आठवड्यात मी त्यांच्याशी फोनवर रडत होते, तर ऐन हुंदक्यात फोन कट. मी अवाक होऊन फोनकडे बघतेय तोच पुन्हा घंटी. 'हं, बोल. दुसरा कॉल लागना.' त्या दुपारी त्यांनी असे किती कॉल लावले ते मोजलं नाही, पण रडायची मी थांबले, अक्का थांबल्या नाहीत.

सासरे लवकर गेले. तिन्ही भावांची शिक्षणं, लग्नं अक्कांनी केली. एक भाऊ सुरतेला, एक पुण्याला, आणि मधले जळगावला, ते आमचे. स्वतःचं लग्न राहून गेलं. मी नवी असताना धीर करून एकदा विचारलं होतं. अक्का हसल्या. 'बठ्ठास्ना फोन जोडता जोडता मनी लाइन बिझीच ऱ्हायनी,' म्हणाल्या आणि उठून गाईला पाणी दाखवायला गेल्या. गाय त्या वेळी तहानलेली नव्हती.

तर भट्टीचं मूळ पुण्यात आहे. दोन वर्षांपूर्वी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अक्का धाकट्या दिरांकडे राहिल्या. चार माणसं आणि चार खोल्या. ज्याला भूक लागेल तो ताट घेऊन आपल्या खोलीत जाणार. अक्का बैठकीत पट्टी बांधल्या डोळ्यानं एकट्या पोळी खायच्या. एका संध्याकाळी कुणीतरी पिझ्झा मागवला. अक्का हा प्रसंग मोठ्या चित्तथरारक रीतीनं सांगतात. दारावर घंटी वाजली, खोका टेबलावर आला, झाकण उघडलं, आणि चारही खोल्यांची दारं उघडली. सगळे एका टेबलाभोवती बसले. एक जण दुसऱ्याला म्हणाला, तुझा तुकडा मोठा आहे. भांडले, हसले, खोका संपेपर्यंत उठले नाहीत. 'भाकर एकट्यानी खाता येस,' अक्का मला म्हणाल्या, 'हाई खानंच असं शे, कापानंच पडस.'

दोंडाईच्याला परतताच त्यांनी मोबाईलवर भट्टीचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली. त्यातला कुठल्याशा परदेशातला एक गोरा माणूस भर उन्हात उघड्या अंगानं भट्टी बांधतो. त्याची भाषा अक्कांना कळत नव्हती, पण त्याच्यावर त्यांचा पूर्ण विश्वास. त्याला त्या 'उघडा भाऊ' म्हणतात. आम्ही जळगावहून काही शंका काढली की उत्तर ठरलेलं, 'उघडा भाऊनी तसंच करं.' मी म्हटलं, अक्का, गवंडी लावा. त्यांनी गवंडी बोलावलाही, पण तो म्हणाला, मावशी, त्यापेक्षा चांगलं तुळशीवृंदावन बांधून देतो. त्याला चहा देऊन परत पाठवला.

उघड्या भाऊनं सांगितलं होतं की भट्टीच्या तळाखाली रिकाम्या काचेच्या बाटल्या पुरायच्या, म्हणजे आच जमिनीत जात नाही. अक्कांनी भंगारवाल्याकडून पोतंभर बाटल्या आणल्या. भंगारवाल्याकडे बाटल्या कशाच्या असणार? ते पोतं दारात उतरताना गल्लीनं पाहिलं आणि आठवड्याच्या आत सुरतेहून थोरल्या जाऊबाईंचा मला फोन आला, 'अगं, अक्का रिटायर झाल्यावर प्यायला लागल्या म्हणे?' मी खुलासा केला. बाटल्या पिझ्झ्यासाठी आहेत, हे ऐकून त्या जास्तच घाबरल्या.

मग ओट्यावर ओल्या वाळूचा ढीग रचला, त्यावर ओले पेपर चिकटवले आणि वरून विटा मातीत बसवत घुमट बांधला. तो वाळेपर्यंत आतली वाळू काढायची नव्हती. पण जिनं सगळ्या जन्मात फोनवरच्या पार्टीला लाइनवर ताटकळत ठेवलं नाही त्या बाईला वाळण्याची वाट कशी बघवणार? तिसऱ्याच दिवशी वाळू उपसली आणि घुमट हळूच, कुणाला त्रास न देता, खाली बसला. दुसऱ्यांदा बांधला तो उभा राहिला. त्याचा आकार पाहून पलीकडच्या गल्लीतल्या एका म्हातारीनं समोर नारळ फोडला आणि हळद-कुंकू वाहिलं. भिंतीला भिंत लागून राहणारे रिटायर्ड पोस्टमास्तर भाऊ कुंपणावरून म्हणाले, 'अक्का, तुमच्यातल्यांना हे देऊळ वाटतंय, आमच्या बौद्धांना स्तूप वाटतोय. आत नेमकं कोण आहे ते एकदा जाहीर करून टाका.' पहिल्या जाळाला घुमटाला वरपासून खालपर्यंत भेग गेली. मी हळहळले. अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, 'फॉल्ट शे. सापडी जाई.' सापडला, माती आणि विटांच्या चुऱ्यानं बुजवला. आणि मग त्यांनी तिन्ही भावांना फोन केले. आवंदाच्या आखाजीला बठ्ठ्यांनी, म्हणजे झाडून सगळ्यांनी, दोंडाईच्याला यायचं.

खानदेशाबाहेरच्या माणसाला इथं एक सांगायला हवं. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आणि आमच्याकडे ती दिवाळीपेक्षा मोठी, कारण त्या सणाला सासरच्या लेकी माहेरी येतात. झाडांना झोके बांधतात, गाणी होतात, रस-पुरणपोळी होते. म्हणजे आखाजीला घराघरातल्या सुना आपापल्या माहेरी असणार, आणि त्यांच्यामागे पोरं, आणि बहुतेक वेळा नवरेही. ज्या एका दिवशी भावजया येणं शक्यच नाही, तो दिवस अक्कांनी निवडला होता. त्यांच्या ते लक्षातच आलं नव्हतं. कसं येणार? ज्या बाईनं माहेर कधी सोडलंच नाही, तिला माहेरी जायचा दिवस कसा आठवणार?

सुरतेच्या जाऊबाई शहाद्याला त्यांच्या आईकडे जाणार होत्या, पुण्याच्या नाशिकला. दोघींनी 'बघतो, जमवतो' असं गोड सांगितलं. ह्यांना ऑफिसमधून सुटी नव्हती. माझं विचाराल, तर आई गेल्यापासून बोदवडचं घर बंदच आहे. भाऊ दुबईला. दोन आखाज्या मी जळगावात खिडकीशी बसून शेजारणींना पिशव्या घेऊन रिक्षात बसताना पाहिलं होतं. त्या वर्षी मीही पिशवी भरली आणि सकाळच्या गाडीनं दोंडाईचा गाठलं.

परसात पाऊल टाकलं तर भट्टी पेटलेली. बाहेर आखाजीचं ऊन, आत जाळ, मधे घामानं निथळणाऱ्या अक्का. परातीत पंधरा माणसांपुरत्या मळलेल्या मैद्याचे गोळे ओल्या फडक्याखाली फुगून बसलेले. धुळ्याहून बर्फात घालून आणलेलं चीज, लाल मिरचीची चटणी, कांदा, ढोबळी मिरची. अंगणात धुतलेल्या सतरंज्या अंथरलेल्या. अक्कांनी माझ्या मागे पाहिलं. दाराकडे पाहिलं.

'तू एकलीच?'

'हो.'

मग त्यांनी एकेकाला फोन लावले. शहाद्याहून पोरांनी व्हिडिओवर झोका दाखवला, आत्या बघ, आत्या बघ, म्हणून. नाशिकहून पुरणपोळीचं ताट दिसलं. अक्का सगळ्यांना 'छान, छान' म्हणाल्या. फोन ठेवून थोडा वेळ पिझ्झा आत सारायच्या लाकडी फावड्याच्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं आता बसतील. त्या म्हणाल्या, 'भट्टी तापी गयी. आते थांबता येत नई.'

पहिला पिझ्झा खालून कोळसा आणि वरून कणीक निघाला. दुसरा फावड्यावरून उतरताना घडी होऊन करंजी झाला. तिसरा मात्र असा आला की मी टाळी वाजवली. कडेनं फुगलेला, मधे बुडबुडे, चटणीचा वास सगळ्या गल्लीत. अक्कांनी तो पाटावर ठेवला आणि सुरीनं आठ तुकडे केले. दोघीत आठ तुकडे. आम्ही दोन-दोन खाल्ले. उरलेल्या चारांकडे दोघीही बघत नव्हतो.

धूर पाहून पोस्टमास्तर भाऊ आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, आल्या. रिकाम्या सतरंज्या पाहून भाऊंनी सहज विचारलं, 'बाकीची मंडळी?'

'येत शेतस,' अक्का फावडं आत सारत म्हणाल्या. 'गाडी लेट शे.'

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. 'हो, हो,' ते सतरंजीवर मांडी घालत म्हणाले, 'या लाइनीवर गाड्या लेटच असतात. तोवर आम्हाला द्या बघू.' आणि त्या भल्या माणसानं, डॉक्टरांनी मैदा बंद केलेला असताना, चार तुकडे खाल्ले. वहिनींनी भट्टीतून निघालेला पुढचा पिझ्झा घरी बांधून नेला. अक्कांनी शेवटच्या गोळ्यापर्यंत सगळे पिझ्झे भाजले आणि ताटांखाली एकावर एक रचून ठेवले. पुढचे दोन दिवस आम्ही ते चहात बुडवून खाल्ले.

उन्हं उतरल्यावर आम्ही निवत आलेल्या भट्टीशेजारी बसलो होतो. शेजारून झोक्यावरची गाणी येत होती. अक्का ती ऐकत होत्या. मग म्हणाल्या, 'बठ्ठ्या पोरी आज माहेरले जातीस. मी तं माहेरमाच शे. मंग मी कथा जाऊ, कोना घर?'

 मी म्हटलं, 'अक्का, मला तरी कुठं आहे?'

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, जणू ही गोष्ट त्यांना पहिल्यांदाच कळत होती. माझा हात हातात घेतला. त्यांच्या तळव्याला विटांनी घट्टे पडले होते. 'तुले शे ना,' त्या म्हणाल्या. 'हाई तुन्हं माहेर शे. दरसाल येजो.'

मी चार दिवस राहिले. सासरी इतकी वर्षं काढून त्या चार दिवसांत मी उशिरा उठले, केस न विंचरता अंगणात बसले, चहाचा उष्टा कपसुद्धा उचलला नाही. निघायच्या सकाळी अक्कांनी मला पाटावर बसवलं आणि ओटी भरली. खण, नारळ, गहू. ओटी सवाष्णीनं भरायची असते म्हणतात. त्यांनी मला विचारलं नाही, मी त्यांना सांगितलं नाही.

स्टेशनवर गर्दी होती. आखाजी संपवून गावोगावच्या लेकी परत निघाल्या होत्या आणि प्रत्येकीला सोडायला तिची माय आली होती. मी खिडकीशी बसले. अक्का फलाटावर पिशवीशिवाय, हात मोकळे सोडून उभ्या होत्या, काय करायचं ते ठाऊक नसल्यासारख्या. गाडी हलली तशा साऱ्या आयांनी पदर डोळ्यांना लावले. अक्कांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग त्यांनीही पदराचं टोक शोधलं आणि वर नेलं. मी पुढे वाकून बघत राहिले. गाडी लांब गेली, बाकीच्या बाया एकमेकींशी बोलत पुलाकडे निघाल्या, आणि फलाटाच्या त्या टोकाला एकट्या अक्का अजून पदर डोळ्यांवर धरून उभ्या होत्या.